ती शाळेत पडली नव्हती

पोट फुगायला लागलं तेव्हा मी पँटचं बटण लावायचं सोडलं आणि शर्ट बाहेर काढला. माझ्या आजारावर मी स्वतःहून केलेला हा पहिला उपाय. दुसरा म्हणजे आरशात बघणं बंद केलं. दाढी अंदाजानं करायचो.

माझं नाव दिलीप. आई अजून मोडनिंबजवळच्या आमच्या गावात असते, मी विसाव्या वर्षापासून सोलापुरात. टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होतो, म्हणजे माग बिघडला की तो नीट करून देणारा माणूस. माझा हात चांगला होता. हे बढाई म्हणून सांगत नाही. हात चांगला असला की मालक तोंडाच्या वासाकडं काणाडोळा करतो, आणि बरीच वर्षं मला वाटत राहिलं की ज्याचा हात चालतो त्याला दारुड्या म्हणत नाहीत.

दारू सोडवणाऱ्या ज्या संस्थेत मी आता राहतो तिथं नवीन माणसं येतात. पहिले काही दिवस ती कुणाचं ऐकून घेण्याच्या अवस्थेत नसतात. तिथल्या कविताताई म्हणाल्या, लिहून ठेवा, एकटं बसून वाचतील. म्हणून लिहितोय. ह्यात औषधांची नावं नाहीत. ती डॉक्टरला विचारावीत.

हळदीवानी

सगळ्यात आधी ओळखलं ते आईनं. चौदा एप्रिलच्या जयंतीला ती सोलापूरला आली होती. ऊन मी म्हणत होतं. मी दारात चपला काढत होतो, तिनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं.

"आरं दिल्या, डोळं हळदीवानी झाल्यात की रं तुजं."

"उनानं असंल."

"उनानं डोळं लाल हुत्यात. पिवळं न्हाईत हुत."

माझी बायको उज्ज्वला आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला. मग परत सुरू झाला. तिनं दोन महिन्यांपूर्वीच दवाखान्यात चला म्हणून सांगून बघितलं होतं आणि मी ताट भिरकावलं होतं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, दुपारच्या पाळीत, मागाजवळ वाकलेलो असताना मला उलटी आली. मागावर पांढरा टॉवेल उतरत होता. त्यावर रक्त पडलं. एवढं रक्त माणसाच्या तोंडातून येऊ शकतं हे मला माहीत नव्हतं. माग चालूच होता, त्यामुळं लाल झालेलं कापड हळूहळू रुळावर गुंडाळलं जात होतं आणि मी ते बघत उभा होतो. शेजारच्या मागावरच्या श्रीनिवासनं धावत येऊन बटण बंद केलं. त्यानंच मला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं.

रोज

घशातून दुर्बीण घालून रक्त थांबवलं. दुसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टरीण बाई माझ्या खाटेशी आल्या. हातात कागद होते.

"किती पिता?"

"अधनंमधनं."

"शेवटची कधी घेतली?"

"झालं की चार-पाच दिस."

उज्ज्वला पलीकडं उभी होती. डॉक्टरनं मान वर करून तिच्याकडं पाहिलं.

"रोज," उज्ज्वला म्हणाली. "सकाळी उठल्या उठल्या सुद्धा. काल कामावर जायच्या आधी घेतलीय."

बारा वर्षांच्या संसारात तिनं चारचौघांत माझ्याविषयी खरं सांगितलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. मला त्या वेळी रक्ताची भीती वाटत नव्हती, तिचा राग येत होता.

डॉक्टर म्हणाल्या, "लिव्हर खराब झालंय. पुन्हा पहिल्यासारखं होणार नाही. जेवढं उरलंय तेवढं सांभाळायचं. आता प्यायलात तर तेही जाईल, आणि तुम्हीही."

मी विचारलं, "बियर चालंल का?"

ह्या प्रश्नाची मला आजही लाज वाटते. तरी लिहितोय, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी तो विचारून आलेला असेल. डॉक्टर माझ्याकडं बघत राहिल्या. उज्ज्वला खिडकीबाहेर.

दोरे

दारू बंद झाल्यावर तिसऱ्या दिवसापासूनचं मला नीट आठवत नाही. जे आठवतं ते घडलेलं नव्हतं. मला पलंगावर, भिंतीवर, नर्सच्या अंगावर सुताचे तुटलेले दोरे लोंबताना दिसत होते. मागावरचा दोरा तुटला की लगेच गाठ मारायची असते, नाहीतर कापडात रेघ पडते. मी गाठी मारत होतो. चादरीतून, हवेतून दोरे उचलत होतो आणि ते संपत नव्हते. माझी मुलगी श्रावस्ती पायाशी बसून मला दोरे काढून देतेय असं मला वाटत होतं. मी तिला म्हणत होतो, लवकर दे, लवकर दे.

शुद्धीवर आलो तेव्हा माझे हात पट्टीनं खाटेला बांधलेले होते. श्रावस्ती तिथं कधी आलेलीच नव्हती. उज्ज्वलाच्या दंडावर काळानिळा डाग होता. मीच धरलं होतं म्हणे. ती म्हणाली, "दोरा म्हणून धरलं तुमी."

नातेपुत्याचे मास्तर

मग वॉर्डातलं रोजचं सुरू झालं. सकाळी फिनेलचा वास, मग चहा, मग वजन. मग एक मावशी टेप घेऊन यायच्या आणि पोटाचा घेर मोजायच्या, शिंप्यानं मोजावा तसा. एक दिवस पोटातलं पाणी नळीनं काढलं. गवती चहासारखा त्याचा रंग होता. मी मोठ्या बाटलीकडं बघत पडून होतो आणि विचार करत होतो की हे सगळं घेऊन मी पाळ्या केल्या.

शेजारच्या खाटेवर नातेपुत्याचे एक निवृत्त मास्तर होते. आजार माझाच, दोन पावलं पुढं गेलेला. आवाज तेवढा खणखणीत राहिला होता. ते सकाळी वॉर्डाला पेपर वाचून दाखवायचे. एकदा मला म्हणाले, "दिलीपराव, एक आहे. मी वर्गात कधी पिऊन गेलो नाही."

मी म्हणालो, "मीबी मागावर कधी न्हाई."

दोघांनीही माना डोलावल्या. दोघंही खोटं बोललो होतो, आणि दोघांनाही ते कळलं होतं.

ते भेटीच्या वेळेत गेले, दुपारी. त्यांच्या बायको खाली चहा आणायला गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा खाटेभोवती पडदा ओढलेला होता. बाई दोन्ही हातांत दोन कप घेऊन उभ्या. पडदा सरकवून डॉक्टर बाहेर आले, काहीतरी बोलले, बाईंनी ऐकून घेतलं. मग हातातल्या कपांचं काय करावं ते त्यांना कळेना. एक कप त्यांनी माझ्यापुढं धरला.

"तुमी घ्या, गार व्हईल."

मी घेतला आणि प्यालो. दुसरं काय करायचं ते मलाही कळलं नाही.

डावा हात

सुट्टी मिळायच्या आदल्या दिवशी मी उज्ज्वलाला म्हणालो, "श्रावस्तीला आण की एकदा."

"ती यायची न्हाई."

"का? हात दुखतोय का आजून?"

श्रावस्ती तेव्हा नऊ वर्षांची होती. उन्हाळ्याच्या आधी तिचं डावं कोपर मोडलं होतं. महिनाभर प्लास्टर होतं. शाळेत पडली, असं तिनं सगळ्यांना सांगितलं होतं. हाडाच्या डॉक्टरला, बाईंना, माझ्या आईला. मलाही.

उज्ज्वला खाटेच्या कडेला बसली. आजारपणात ती खाटेवर बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. ती हळू आवाजात म्हणाली, "ती शाळेत पडली नव्हती."

मग तिनं सांगितलं. त्या संध्याकाळी मी पिऊन आरडाओरडा करत होतो म्हणून ती पोरीला घेऊन बहिणीकडं निघाली होती. मी जिन्यात आडवा आलो. पोरीचा एक हात तिच्या हातात होता, दुसरा मी धरला. मी ओढला. मग माझाच तोल गेला आणि मी पोरीला घेऊन खाली आलो, तिच्या हातावर.

"रिक्षात बसल्यावर म्हनली, आई, शाळेत पडले म्हणून सांगू. नायतर पप्पाला पोलीस नेतील." उज्ज्वलानं पदर तोंडाला लावला नाही की काही नाही. "नऊ वर्साची पोर. तिनं सांगितलं आणि मी तसंच सांगितलं."

मला ह्यातलं काही आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. मला आठवतं ते दुसऱ्या दिवशीचं. प्लास्टर बघून मी तिला विचारलं, काय गं, कसं पडलीस? आणि तिच्या कंपासमधला पेन घेऊन प्लास्टरवर लिहिलं, लवकर बरी हो. खाली एक फूल काढलं. ती हात पुढं करून अगदी न हलता बसली होती.

उज्ज्वला म्हणाली, "आमी तिकडं ऱ्हायला गेलोय. तुमी यायचं न्हाई."

आई त्या दिवशी वॉर्डाच्या बाहेरच्या बाकावर होती. तिला कळल्यावर तिनं कपाळ बडवलं. "नवरा मरायला टाकून पोरगी घिऊन निगून गेली. असली बाई!" वॉर्डातली माणसं ऐकत होती. मी आईला गप्प केलं नाही. मला सोपं वाटलं ते.

चाळ आणि घर

'तिकडं' म्हणजे संस्थेची चाळ. बंद पडलेल्या गिरणीच्या कामगारांसाठी कधीकाळी बांधलेल्या खोल्या, त्यातल्या बारा संस्थेनं दुरुस्त करून घेतल्यात. दारूपायी घर मोडलेल्या बायका आणि पोरं तिथं राहतात. अंगणवाडीच्या ताईंनी उज्ज्वलाला ही जागा सांगितली होती. पुरुषांसाठी वेगळं घर आहे, रेल्वेच्या रुळांच्या पलीकडं. मुद्दामच दूर ठेवलंय.

भाडं थकून आमची खोली गेली होती आणि गावाजवळ असला दवाखाना नव्हता, त्यामुळं सुटल्यावर मला जायला जागा नव्हती. कविताताई भेटायला आल्या तेव्हा मी आधी म्हणालो की मला असल्या ठिकाणी राहायची गरज नाही. त्या म्हणाल्या, "बरं. मग कुठं राहणार?"

त्यांनी एक कागद पुढं केला. चाळीकडं फिरकायचं नाही. मुलीला भेटायचं ते संस्थेच्या ऑफिसात, ताईंच्या समोर, आणि मुलगी स्वतः हो म्हणेल तेव्हा. आई बरोबर नसताना तिला एकट्यानं कुठंही न्यायचं नाही. मी विचारलं, "बाप हाय मी तिचा. परवानगी कसली?"

"सही करायची जबरदस्ती नाही," ताई म्हणाल्या.

केली.

घरात आम्ही अकराजण. झाडलोट, स्वयंपाक, भांडी, सगळं आपणच. माझं जेवण अळणी, कारण मीठ खाल्लं की पोटात पाणी भरतं. सोलापुरात राहून शेंगाचटणी खायची नाही. बाकीचे माझ्यासमोर कडक भाकरीबरोबर चटणी खायचे आणि मला दारूपेक्षा त्याचीच आठवण जास्त यायची, असं मी सगळ्यांना सांगायचो. ते खरं नव्हतं. दारूचीच यायची. दिवेलागण झाली की अंगातली प्रत्येक शीर, पाळी सुटलेल्या कामगारासारखी, गुत्त्याकडं निघायची.

मंगळवार

दर मंगळवारी बापांची बैठक. ती घेतात शिवाप्पाकाका. अक्कलकोटकडचे, सत्तरीला आलेले, कपाळावर विभूती. पूर्वी किराणा दुकान होतं, ते त्यांनी पिऊन घालवलं. वीस वर्षांपूर्वी सोडली. मराठी बोलता बोलता मधेच कानडीत जातात.

पहिल्या मंगळवारी त्यांनी प्रत्येकाला एक कागद दिला. मुलाच्या चपलेचा नंबर काय? वर्गशिक्षकाचं नाव? जिवाभावाचा दोस्त कोण? पोर कशाला भितं? असे वीस प्रश्न. मी चार भरले. त्यातलं इयत्ता तिसरी हे चुकलं होतं, ती चौथीत होती. शेवटचा प्रश्न, पोर कशाला भितं, त्याच्यापुढं मी बराच वेळ पेन धरून बसलो. उत्तर येत होतं. लिहवत नव्हतं.

दुसरा नियम असा की आपण पोराशी काय केलं ते उभं राहून सांगायचं, आणि सांगताना 'पण' म्हणायचं नाही. म्हणलं की उठून दाराबाहेर जायचं, चप्पल घालायची, परत चप्पल काढून आत यायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं.

मी सांगायला लागलो. "मी जिन्यात पोरीचा हात ओढला. पण मला शुद्धच नव्हती..."

"साकु," काका म्हणाले. पुरे. त्यांनी दाराकडं बोट केलं.

मी त्या दिवशी पाच वेळा बाहेर जाऊन आलो. पाचव्या वेळी चप्पल घालायलाही लाज वाटली. सहाव्या वेळी वाक्य पुरं झालं. "मी तिचा हात ओढला. ती पडली. हात मोडला. तिनं माझ्यासाठी खोटं सांगितलं." एवढंच.

बैठक संपल्यावर मी काकांना विचारलं, "तुमची पोरं?"

"दोन हैत. दुकान घातलंय त्येनी, मोठं. मी म्हैन्याला जातो. गिऱ्हाईक म्हणून." काका चष्मा पुसत म्हणाले, "साबण मागतो. पोरगा साबण देतो."

"आन् बोलतो काय?"

"म्हणतो, कुठला पायजे?"

वीस वर्षं न पिता काढून साबणच. त्या दिवशी मला काकांचा राग आला. सोडण्याचा फायदा काय मग, असं मनात आलं. घरात ज्या नवीन माणसांच्या मनात हे येतं त्यांना मी सांगतो की माझ्याही आलं होतं.

शुक्रवार

पाच महिने झाले. एका बुधवारी कविताताई आल्या आणि म्हणाल्या, "श्रावस्ती हो म्हणालीय. रविवारी अकरा वाजता."

मी दाढी केली. शर्टाला इस्त्री करून घेतली. आणि शुक्रवारी प्यालो.

कारण सांगता येत नाही. दुःख नव्हतं, भांडण नव्हतं. बाजारात भाजी आणायला गेलो होतो, पिशवी हातात होती. ती माझ्याकडं बघून काय म्हणेल एवढं एकच डोक्यात फिरत होतं आणि पाय ओळखीच्या दारात गेले. भाजीची पिशवी मी टेबलावर ठेवली होती, हे लख्ख आठवतं. मेथी होती.

शनिवारी सकाळी मी काकांना सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "कविताताईला सांग. तूच सांग." मी सांगितलं. मग म्हणालो, "श्रावस्तीला सांगा की मी आजारी हाय."

ताईंनी उज्ज्वलाला फोन लावला आणि माझ्यासमोरच सगळं सांगितलं. फोन स्पीकरवर होता. उज्ज्वला म्हणाली, "आजारी हाय म्हणून न्हाई सांगणार. प्याले म्हणून सांगते. हितं आता कुणी खोटं बोलायचं न्हाई."

रविवारी सकाळी साडेनवाच्या सुमारास मला पुन्हा रक्ताची उलटी झाली. अकरा वाजता मी त्याच वॉर्डात होतो. ह्या वेळी डॉक्टरनी आईला बोलावून घ्यायला सांगितलं, म्हणजे काय ते मला समजलं. आई आली. मी तिला जिन्याचं सगळं सांगितलं, 'पण' न म्हणता. मरायच्या आधी आपल्या माणसाला तरी खरं सांगावं असं वाटलं असेल. आई उठून बाहेर गेली आणि बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "कुटला हात?"

"डावा."

त्यानंतर आईनं उज्ज्वलाविषयी माझ्यासमोर वाकडा शब्द काढलेला नाही.

मला आठवतं

मी वाचलो. माझ्यापेक्षा कमी खराब झालेली माणसं त्या वॉर्डात दगावलेली मी पाहिलीत. दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलो. श्रावस्तीनं परत हो म्हणायला आठ महिने घेतले.

ऑफिसात प्लास्टिकच्या तीन खुर्च्या होत्या. कविताताई कोपऱ्यात बसल्या. श्रावस्ती आली ती केवढी तरी उंच होऊन. वेण्या घातलेल्या. डावा हात कोपरापाशी सरळ होत नाही, थोडा वाकलेला राहतो, ते माझ्या पहिल्यांदा ध्यानात आलं. माझ्या चपलेपासून वरपर्यंत तिनं बघून घेतलं. मी वाळलो होतो, फक्त पोट तेवढं राहिलं होतं.

मी ठरवून गेलो होतो. म्हणालो, "तू शाळेत पडली नव्हतीस. मी तुझा हात ओढला. मी तुला पाडलं. चूक माझी हाय, तुझी न्हाई, आईचीबी न्हाई."

ती खुर्चीच्या कडेला नखानं खरवडत होती. "तुमाला आठवतंय का ते?"

हो म्हणावं असं फार वाटलं. तिला बरं वाटेल असं वाटलं.

"न्हाई," मी म्हणालो. "आईनं सांगितलं."

"मला आठवतं," ती म्हणाली.

मग ती ताईंशी शाळेच्या सहलीविषयी बोलली. मी ऐकलं. निघताना तिनं फक्त ताईंना टाटा केला.

त्या दिवसापासून महिन्यातून दोन रविवार. कधी ती येते, कधी कळवते की यायचं नाही.

ताप

मध्यंतरी उज्ज्वलानं चाळ सोडली. शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकाचं काम तिला मिळालं आणि तिनं स्वतःची खोली घेतली. आपण परत एकत्र राहायचं का, असं मी कविताताईंमार्फत विचारलं. नाही, असं उत्तर आलं. त्यात राग नव्हता म्हणे. मला राग परवडला असता. मी आता एका छोट्या कारखान्यात बसून मागाचे सुटे भाग दुरुस्त करतो. उभं राहून पाळी करणं ह्या शरीराला जमत नाही. दर तीन महिन्यांनी दवाखान्यात जातो. पुढचं डॉक्टर सांगत नाहीत, मी विचारत नाही.

गेल्या थंडीत एका दुपारी कामावर फोन आला. श्रावस्तीच्या शाळेतून. तिला ताप भरला होता, आईचा फोन लागत नव्हता. दाखल्याच्या जुन्या अर्जावर माझा नंबर राहून गेला होता, तो बाईंनी लावला.

मी गेलो. ऑफिसच्या बाहेर बाकावर ती भिंतीला टेकून बसली होती, तोंड लालबुंद. बाईंनी मला विचारलं, "आपण कोण?"

"वडील."

त्यांनी कधी मला पाहिलं नव्हतं. त्या वाकून श्रावस्तीला म्हणाल्या, "ओळखतेस ना गं?"

"पप्पा आहेत," ती डोळे न उघडता म्हणाली.

"मग घेऊन जा. इथं सही करा."

रजिस्टर पुढं आलं. पेनही. मी म्हणालो, "बाई, मी हितं बसतो तिच्यापाशी. तिची आई आल्यावर जाऊ."

"अहो, पोर तापानं फणफणलंय. वडील आहात ना तुम्ही?"

श्रावस्तीनं डोळे उघडले. "मला घरी न्या," ती म्हणाली. मग पुन्हा, "पप्पा, चला ना घरी."

किती तरी वर्षांत तिनं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. रिक्षा समोर उभी होती. कुणाला कळलं नसतं, आणि कळलं असतं तरी ह्या कारणासाठी कुणी बोल लावला नसता. मी बाईंना म्हणालो, "मला एकट्याला तिला न्यायची परवानगी न्हाई. मी दारू पीत होतो. तसं लिहून दिलंय."

बाईंनी रजिस्टर मिटलं. आतल्या शिपायानं मान वर करून बघितलं. श्रावस्तीनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

मी कविताताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, उज्ज्वलाला शोधून पाठवते. मी रुमाल ओला करून श्रावस्तीच्या कपाळावर ठेवायला गेलो, तिनं हात झटकला. मग थोड्या वेळानं झटकला नाही. तशी ती झोपून गेली, भिंतीलाच टेकून, माझ्याकडं पाठ करून. मी दर दहा मिनिटांनी नळावर जाऊन रुमाल भिजवून आणत होतो. शाळा सुटली, पोरं पळत गेली, पटांगण मोकळं झालं.

उज्ज्वला दोन तासांनी आली, धापा टाकत. तिनं आधी पोरीच्या गळ्याला हात लावला, मग रुमालाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"मोबाइल बंद पडला हुता," ती म्हणाली. "कधीपास्नं बसलाय?"

"फोन आल्यापास्नं."

तिनं पोरीला उठवून रिक्षात घातलं आणि शेजारी बसली. मी बाजूला उभा राहिलो. रिक्षा सुरू झाल्यावर ती म्हणाली, "पुढं बसा."

मी ड्रायव्हरच्या शेजारी अर्धा बसलो, दांडा धरून. मागं वळून बघितलं नाही. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी मी रिक्षा थांबवून उतरलो. रिक्षा आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या मोबाइलवर निरोप आला. घर सोडल्यापासून उज्ज्वलानं स्वतःहून पाठवलेला पहिला. दोनच शब्द होते. ताप उतरला.